डमी उमेदवार ओलिंदाबाई

चहा घ्या, पण घोट गिळून झाला की मगच पुढचं ऐका, राजेहो! मागच्या वेळी हा प्रकार सांगत होतो, तर बंडूभाऊच्या नाकातून चहा बाहेर आला. आणि तो तर स्वतः या भानगडीत गळ्यापर्यंत बुडालेला होता!

तसा मी चुका करण्यात कधी कमी पडलेलो नाही. एकदा दहावीच्या वर्गावर पंधरा दिवस नववीचं पुस्तक शिकवलं होतं, आणि कोणालाच कळलं नव्हतं. मलाही नाही. पण घरात येऊ घातलेलं परदेशातलं बक्षीस ज्यानं स्वतःच्या तोंडानं दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलं, असा माणूस अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात एकच. तो तुमच्यासमोर बसला आहे.

तर माझी एक भाची आहे, ऋतुजा. मलकापूरच्या बहिणीची मुलगी. पुण्यात राहते, माहितीपट बनवते. तिनं मलकापूरच्या कापसावर सिनेमा केला. एकेकाळी गोरे व्यापारी येऊन इथला कापूस कसा उचलायचे, गाठी आगगाडीत बसून थेट समुद्रापार कशा जायच्या आणि मागे आपल्याकडे काय उरायचं, असा सगळा विषय. पंचवीस मिनिटांचा सिनेमा, आणि बरंचसं चित्रीकरण आमच्याच गावात, सोनाळ्यात.

आता मी पडलो सोनाळ्याच्या हायस्कुलातला इंग्रजीचा निवृत्त मास्तर. शिवाय जुन्या गोष्टींचा जाणकार, असं निदान माझं तरी मत आहे. ऋतुजानं माझी दोन तास मुलाखत घेतली. मी घसा कोरडा होईपर्यंत बोललो. सिनेमात किती दिसलो? अकरा सेकंद! तेही पाठमोरा, छत्री घेऊन कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीकडे जाताना. भिंतीकडे कशाला जात होतो ते तुम्ही समजून घ्या. दोन तासांत चहाही चार वेळा झाला होता.

मग एके दिवशी जेवायच्या वेळी तिचा फोन.

"मामा! नॉमिनेशन मिळालं!"

परदेशात कुठेसा माहितीपटांचा महोत्सव असतो. तिथे 'प्रेक्षकांची पसंती' म्हणून एक बक्षीस. जगभरातून पाच सिनेमे निवडलेले, पाचही आपापल्या देशाच्या इतिहासावरचे, आणि त्यात आमची पोरगी!

"जिंकलं ना मामा, तर पुढच्या सिनेमाला एक बाई निर्मात्या म्हणून यायला तयार आहेत," ती म्हणाली. "नाही जिंकलं, तर परत लग्नाचे व्हिडिओ कापत बसायचं."

"कोण ठरवतं कोण जिंकलं ते?"

"लोक. कुठूनही. मोबाईल नंबर टाकायचा, पाचांपैकी निदान दोन सिनेमे पाहायचे आणि एकाला मत द्यायचं."

मत! अहो, कोणाला सांगताय? पंचवीस वर्षं झाली, सोनाळ्यात सेवा सोसायटीची निवडणूक असो की ग्रामपंचायतीची, पॅनल मी बांधतो. स्वतः कधी उभा राहिलो नाही, पण ज्याच्या मागे उभा राहिलो तो गुलालातच घरी गेला. मतदारयादी मला तोंडपाठ. कोणाचा कोणाशी अबोला आहे, कोण कोणाच्या शब्दाबाहेर नाही, कोणाला न्यायला ऑटो पाठवावा लागतो आणि कोणाला फक्त "कसं काय?" विचारलं तरी पुरतं, सगळं डोक्यात.

"तू निवांत राह्य पोरी," मी म्हटलं. "सोनाळ्याची मतं एकगठ्ठा तुझी!"

"नक्की ना मामा?"

"अगं, मामाचा शब्द आहे!"

लगेच बंडूभाऊला गाठलं. बंडूभाऊचं बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे. माझाच विद्यार्थी. इंग्रजीत तीनदा नापास झाला, पण इंटरनेटवरचं काहीही दोन मिनिटांत शोधून देतो. त्यानं त्या महोत्सवाचं पान उघडलं. ऋतुजाच्या सिनेमाखाली परदेशी लोकांनी आपापलं मत लिहिलेलं होतं. मी मराठी करून वाचायला लागलो.

एका बाईनं लिहिलं होतं, 'कारखान्याचा तो बंद दरवाजा म्हणजे संपून गेलेल्या साम्राज्याचं मौन आहे.'

"कोनता दरवाजा?" बंडूभाऊनं विचारलं.

"जिनिंगचा."

"काय सांगता सर! थो वॉचमन किल्ली घेऊन नांदुऱ्याले लग्नाले गेलता, म्हनून बंद होता ना!"

खाली दुसऱ्या एका गृहस्थानं लिहिलं होतं, 'छत्री घेतलेला पाठमोरा म्हातारा मनातून जात नाही. गुलामगिरीच्या इतिहासाचं ओझं घेऊन एक अख्खी पिढी भिंतीकडे चालली आहे.'

बंडूभाऊनं मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"सर, तुमी तं तवा..."

"चूप बस बे."

"नाई म्हनजे, ओझं होतंच म्हना तुमच्यावर. त्याचं काई चुकलं नाई!"

असे हसलो, असे हसलो आम्ही! या लोकांना आपला इतिहास ओ की ठो कळत नाही, वॉचमन लग्नाला गेला तर त्याला साम्राज्याचं मौन म्हणतात, अशी यथेच्छ टर उडवली. आज ते हसणं आठवलं की माझं मलाच लाजल्यासारखं होतं.

आता प्रश्न होता दुसऱ्या सिनेमाचा. नियम दोन सिनेमे पाहण्याचा. म्हणजे आपल्या उमेदवाराबरोबर एक विरोधक मतदाराला दाखवावाच लागणार. मग दाखवायचा कोण? राजेहो, इथेच तर माणसाचा अनुभव दिसतो! असा दाखवायचा, की त्याच्या शेजारी आपला उमेदवार सोन्याचा वाटला पाहिजे. डमी उमेदवार!

आम्ही बाकीच्या चार सिनेमांचं बलाबल तपासलं. एका सिनेमात लढाई होती, विमानं होती, रंग होते. धोका! एकात लहान लेकरं रडत होती. लेकरं मतं ओढतात, तेही नको. एकात एक गायक होता, आणि बंडूभाऊ तिथेच मान डोलवायला लागला, म्हणून तो लगेच बंद केला. उरला शेवटचा. ब्लॅक अँड व्हाइट. दोन म्हाताऱ्या. मध्ये तीन मिनिटं नुसती एक भिंत. आणि देश कोणता? पोर्तुगाल!

"हाच!" मी टेबलावर हात आपटला.

"हाच काऊन, सर?"

"अबे, हे म्हणजे गोव्यावाले! साडेचारशे वर्षं गोवा दाबून बसले होते. आपला माणूस यांना मत देईल?"

"बराबर हाये!" बंडूभाऊ म्हणाला. "डिपॉझिट जप्त!"

मग काय, लागलो कामाला. रविवारी दुपारी गावातलं मंगल कार्यालय घेतलं. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. कोचिंग क्लासमधून प्रोजेक्टर आणला. मागच्या बाजूला गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. तो कारभार आमच्या मंडळींकडे, म्हणजे मंदाकडे. म्हाताऱ्या माणसांना आणायला दोन ऑटो. बंडूभाऊ दारात खुर्ची टाकून प्रत्येकाच्या मोबाईलवर नोंदणी करून देत होता. माणसं भरली एकशे बेचाळीस, मला आणि मंदाला धरून. मी ऋतुजाला फोटो पाठवला. तिनं उलट हात जोडल्याची दहा चित्रं पाठवली.

आधी आपला सिनेमा लावला. लोकांनी काय पाहावं? स्वतःला शोधलं!

"अरे थो पाय, दिन्याचा बैल!"

"दिन्या कुठी हाये?"

"दिन्या नाई घेतला, बैलच घेतला फक्त!"

पुढे एक बैलगाडी चार मिनिटं जाते. नुसती जाते. कोणी काही बोलत नाही.

"सर, आवाज गेला काय?"

"गेला नाही. ती शांतता आहे."

"मंग तवरिक फॅन तं वाढवा!"

सिनेमा संपला. टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या. पुढच्या रांगेत शेवंताबाई बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, आणि गावात त्यांच्या शब्दाला सरपंचाच्या शब्दाहून जास्त वजन. त्या म्हणाल्या, "पोट्टीनं मेहनत लय केली. पन हे तं सारं आपल्याले मालूमच हाये ना बाप्पा."

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. पंचवीस वर्षांचा अनुभव! चुलीत घाला तो अनुभव.

मग पोर्तुगालवाला सिनेमा. बोलणं त्यांच्या भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं. कोण वाचणार? मीच माईक हातात घेतला. बेत असा होता, की आधी गोव्याचा विषय काढून लोकांना तापवायचं, आणि मग सिनेमाचं भाषांतर असं करायचं, असं रटाळ करायचं, की लोकांनी रोडग्यांचा वास घेत मागे पाहावं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. शंकरपट असला, बैलजोड्यांची शर्यत असली, की आमच्या भागात कॉमेंट्री मीच करतो. आणि माझ्या हातात माईक आला की मी माझा राहत नाही.

भाषण झकास झालं. गोवा, जुलूम, साडेचारशे वर्षं. लोक तापले. मागून कोणीतरी "हाकला त्यायले!" असंही ओरडलं. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर एक म्हातारी दारात बसलेली. रस्त्यापलीकडच्या दारात दुसरी म्हातारी. दोघी एकमेकींकडे पाहत नाहीत.

"हे कोन व्हय, सर?" शेवंताबाईंनी विचारलं.

"ही ओलिंदाबाई. आणि ती समोरची रोझाबाई. सख्ख्या जावा."

झालं! मी 'दोन पोर्तुगीज वृद्ध महिला' म्हणून मोकळं व्हायला पाहिजे होतं. जावा म्हटल्याबरोबर बायकांची अख्खी बाजू पुढे सरकून बसली.

"बोलत काऊन नाईत मंग?"

"अबोला आहे. चाळीस वर्षांचा."

"चाळीस वर्षं! काऊन? काय झालं असं?"

आता तुम्हीच सांगा, समोरचा माणूस इतक्या जिवानं विचारतोय, तर कॉमेंट्री करणारा माणूस 'पुढे कळेल' म्हणू शकतो का? मी सांगायला लागलो. त्यांचं गाव खाली दरीत होतं. गावात सगळ्यांची मिळून एकच मोठी भट्टी. पाव भाजायला प्रत्येक घराचा दिवस ठरलेला, आणि बायकांच्या सगळ्या गप्पा, सगळी भांडणं त्या भट्टीपाशी. मग सरकारनं ठरवलं, इथे धरण बांधायचं. साहेब लोक कागद घेऊन आले. सह्या करा आणि उठा.

"कोनतं सरकार? इंग्रजायचं?"

"नाही, त्यांचंच."

"त्यायचंच सरकार, अन् त्यायलेच उठवलं?"

"तेव्हा तिथे एकाच माणसाचं राज्य होतं. तो म्हणेल ते. कोणी उलट बोललं की आत. निवडणूक नाही, काही नाही."

मागून कोणीतरी हळूच विचारलं, "निवडनूकच नाई?" एखाद्या घरात पाणीच नाही म्हटल्यावर आपण विचारतो ना, तशा आवाजात. आमच्या गावाला याहून मोठा जुलूम समजावून सांगताच आला नसता!

शेवंताबाईंनी पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "म्हनजे हे गोव्यात सायेब होते, अन् घरी यायच्याच डोक्यावर सायेब बसला होता."

"तसंच काहीसं."

"मंग गोवा ह्या म्हातारीनं थोडीच दाबला? थ्या सायबानं दाबला. हिनं तं गोवा पाह्यला बी नसन!"

गेला माझा गोवा! अर्ध्या तासाचं भाषण, साडेचारशे वर्षं, सगळं त्या बाईनं एका वाक्यात धुऊन टाकलं. आणि खरं सांगू? मला राग आला नाही. मनात आलं, मी आजवर पोरांना काय शिकवत होतो?

पुढे सह्यांचा भाग आला. रोझाबाईच्या नवऱ्यानं सगळ्यांच्या आधी सही केली, त्याला नव्या गावात रस्त्याकडेचं घर मिळालं. ओलिंदाबाईच्या घरानं शेवटी केली. तिथे अबोल्याची ठिणगी पडली, आणि इथे हॉलमध्ये उभी फूट!

"सही नसती केली तं? लेकरं घेऊन पान्यात बसाचं होतं काय?"

"अवो पन आधी जावेले इचाराव ना!"

"इचारलं असतं तं हो म्हनली असती काय थे?"

"तुमी रोझाबाईची बाजू घेऊन नका राहू, मावशी! तुमी बी तशाच केल्या होत्या वाटनीत!"

मला दोनदा सिनेमा थांबवून शांतता राखायचं आवाहन करावं लागलं. रटाळ भाषांतर? कशाचं रटाळ! मी तर पटाच्या मैदानावर होतो. "आणि पाहा मंडळी, पाणी चढतंय! भट्टीच्या पायरीला लागलं! आणि ही कोण पदर खोचून धावली? रोझाबाई! भट्टीचा एक दगड उचलला, छातीशी धरला, आणि निघाली!" पदर खोचून म्हणजे, त्या बाईला पदर नव्हताच. तिच्या डोक्याला रुमाल होता. पण कोणी हरकत घेतली नाही.

तो दगड रोझाबाईनं नव्या घराच्या उंबऱ्यात बसवला. ओलिंदाबाईचं म्हणणं, भट्टी सगळ्यांची होती, दगड हिनं चोरला. बस, तेव्हापासून चाळीस वर्षं दोघींची दारं समोरासमोर आणि तोंडं बंद.

आता शेवट. शेवटच्या दहा मिनिटांत त्या सिनेमात कोणी एक अक्षर बोलत नाही. ओलिंदाबाई पहाटे उठून कणीक मळते, वर फडकं झाकते, हळूहळू रस्ता ओलांडते आणि ती परात त्या दगडावर ठेवते. रोझाबाई दार उघडते. दोघी नुसत्या पाहतात. मग आत जातात. थोड्या वेळानं घरातून धूर निघतो. संपलं.

खाली एकही अक्षर नाही, म्हणजे मला भाषांतराला काही नाही. मी गप्प बसायला पाहिजे होतं. सभ्य माणूस गप्प बसला असता. पण एकशे चाळीस माणसं श्वास रोखून बसलेली, पडद्यावर दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहतायत, आणि माझ्या हातात चालू माईक!

"घे, कनीक मळून आनली," ओलिंदाबाई म्हणाली. म्हणजे मी म्हणालो.

"आता सवड झाली तुले? चाळीस वर्षानं?" रोझाबाई म्हणाली. तीही मीच.

"गुडघे दुखतेत माये. रस्ता लय लांब हाये."

"लांब कशाचा? दहा तं पावलं हायेत."

"म्हनून तं चाळीस वर्षं लागले."

हे कुठून आलं, मला विचारू नका. आलं! आणि हॉल फुटला. बायका तर सोडाच, पुरुष माणसं चष्मे काढून पुसायला लागली. वाटणीवरून टोमणा खाल्लेल्या मावशी उठून टोमणा मारणारीच्या शेजारी जाऊन बसल्या. बंडूभाऊ प्रोजेक्टरच्या मागे तोंड लपवून उभा.

सतरंज्या काढल्या, उजेड झाला. मी नाक पुसून जाहीर केलं, "मंडळी, आता मतदान! मत कोणाला द्यायचं हे सांगायची गरज नाही!"

अगदी खरं बोललो होतो. गरज नव्हतीच.

सगळ्यांच्या माना मोबाईलवर. मीही माझा काढला. पाच चित्रं होती. वर आपली बैलगाडी. खाली ओलिंदाबाईचा चेहरा. मी बोट बैलगाडीकडे नेलं, देवाशपथ नेलं! पण ती म्हातारी माझ्याकडे पाहत होती हो. म्हटलं, एकशे बेचाळीस माणसं आहेत, सगळी आपलीच. ऋतूला एक मत कमी पडलं तर काय आभाळ कोसळणार आहे? आणि कोणाला कळणार आहे?

दाबलं.

मग पंगत बसली. जो तो येऊन मला सांगत होता, "काम झालं सर!" "फिकर नका करू!" पण नजरेला नजर कोणी देत नव्हतं. निवडणुकीत याचा अर्थ काय होतो ते मी झोपेतही सांगितलं असतं. पण त्या दिवशी दिसलं नाही, कारण मीही कोणाकडे पाहत नव्हतो. खाली मान घालून रोडगा कुस्करत होतो.

आठ दिवसांनी निकाल. दुपारी ओसरीवर मी, बंडूभाऊ, आणि तुरीच्या शेंगा सोलत बसलेली मंदा. फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा लावला. घरात गुलाल आणून ठेवलेला होता.

"मामा, दुसरी आले."

"दुसरी? मग पहिलं कोण?"

"पोर्तुगाल. त्या दोन म्हाताऱ्या."

"कितीनं गेलं?"

"अठ्ठ्याण्णव मतांनी. मामा, त्या पानावर नकाशा आहे, कुठून कोणाला किती मतं ते दिसतं. सोनाळा, एकशे बेचाळीस मतं. मला वाटलं, आकडे उलटे टाकलेत त्यांनी. मी पत्रसुद्धा लिहिलं त्यांना! ते म्हणाले, बरोबर आहेत. एकशे एकेचाळीस त्यांना, मामा. मला एक!"

मी बंडूभाऊकडे पाहिलं. बंडूभाऊ कपात पाहत होता, जणू काही कपात नकाशा आहे.

"बंड्या?"

"सर, मले वाटलं तुमी सारे हाच ना पोरीले," तो पुटपुटला. "म्हटलं माह्या एकानं काय व्हते?"

म्हणजे पाहा! अख्ख्या गावानं, प्रत्येकानं आपापल्या मनात, एकाच वेळी, हाच हिशोब केला होता. शेवंताबाईंनी, दिन्यानं, वाटणीवरून भांडलेल्या त्या दोघींनी. इतकं एकमत माझ्या कोणत्याही पॅनलला कधी जमलं नाही!

"पण मामा," ऋतुजाचा आवाज ओला झाला, "ते एक मत कोणाचं आहे, मला माहीत आहे. सगळं गाव फिरलं, तुम्ही नाही फिरलात. मी तो आकडा फ्रेम करून ठेवणार आहे. खरंच."

इथे खरं बोलायचं होतं, राजेहो. जीभ रेटत नव्हती. पोरगी इतक्या मायेनं बोलते आहे, तिचा सिनेमा गेला आहे, आणि वर तिचा मामाही जायचा? मी घसा साफ केला आणि म्हणालो, "असू दे गं पोरी. मामाच आहे ना तुझा."

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला.

"इकडं द्या थो फोन," मंदा म्हणाली.

"अगं, राहू दे..."

"द्या म्हनते ना!" तिनं तो ओढूनच घेतला. "ऋतू, माही बाई, थे मत माह्यं हाय. म्या एक बी सिनेमा पाह्यला नाई, मांगं रोडगे भाजत होती. दोन्ही पाह्यले म्हनून खोटंच टिचकलं. भाची उभी हाये म्हनल्यावर पाहाचं काय त्यात? अन् तुह्या मामानं माह्या डोळ्यादेखत थ्या म्हातारीले देलं! नाक शिंकरत शिंकरत देलं!"

मी फोन परत घेतला. मला खरोखर शरम वाटली. म्हटलं, आता लपवण्यासारखं उरलंय काय? सगळं सांगून टाकलं. डमी उमेदवार, गोवा, रटाळ भाषांतराचा बेत, माईक. शेवटचं बोलणंही सांगितलं.

"मामा, त्या शेवटाला एक शब्द नाहीये."

"माहीत आहे गं."

"मग त्या दोघी काय म्हणाल्या, परत सांगा?"

मी सांगितलं. गुडघे, रस्ता, दहा पावलं, चाळीस वर्षं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग फुस्स झालं. मग पोरगी जी हसायला लागली, जी हसायला लागली, की इकडे बंडूभाऊ, मंदा, सगळेच सुटले. मी एकटा गुलालाची पुडी हातात घेऊन बसलेलो.

"त्या निर्मात्या बाईंचा फोन आला नाही मामा," हसणं आवरत ती म्हणाली. "सध्या एकाच्या हळदीचा व्हिडिओ कापतेय. पण पुढचा सिनेमा मी करणारच. तेव्हा माझ्यासाठी एक कराल?"

"काय वाट्टेल ते कर म्हण, पोरी!"

"माझा प्रचार करू नका. मला पाडायला उभे राहा!"